ओळख-किल्लीत न बसणारा शॅमेलिऑन, उरलेलं जंगल मूठभर : नवी प्रजाती म्हणून मांडायला काय काय लागतं?

अरण्यानी

नमस्कार मंडळी. प्रश्न आफ्रिकेतला आहे, पण सह्याद्रीतल्या पालींच्या नव्या प्रजाती मांडणारे इथे बरेच जण आहेत आणि कामाची रीत तीच, म्हणून इथेच विचारते.

टांझानियातल्या ईस्टर्न आर्क डोंगरांपैकी एका सुट्या डोंगरावरून रॅम्फोलिऑन वंशातल्या बुटक्या शॅमेलिऑनचे (रंग बदलणाऱ्या सरड्याचे) फोटो आमच्या गटाकडे आले आहेत. प्राणी जेमतेम पाच-सहा सेंमी, तपकिरी, आखूड शेपटीचा. हाताशी असलेल्या किल्लीत, म्हणजे लक्षणं पाहत प्रजाती ओळखायच्या तक्त्यात, तो कुठेच नीट बसत नाही. डोंगरमाथ्यावर काही चौरस किलोमीटर जंगल उरलंय, खालून मक्याची शेतं आणि कोळशाच्या भट्ट्या वर सरकताहेत. रीतसर परवाने घेऊन पाहणी करायचं ठरतंय.

नवी प्रजाती म्हणायला कमीत कमी काय हातात हवं? इतक्या लहान जंगलातून किती नमुने घ्यावेत, मुळात घ्यावेत का? डीएनए वेगळा निघाला म्हणजे झालं का? आणि नाव जाहीर झाल्यावर पकडणारे तिथे पोचू नयेत म्हणून ठिकाण लपवता येतं का?

---

रातपाळी

अरण्यानीताई, आधी किल्ली कोणत्या सालची आहे ते बघा. ईस्टर्न आर्कमधल्या रॅम्फोलिऑनची यादी फार वेगाने वाढली आहे. उसांबाराचे टेम्पोरॅलिस आणि स्पायनोसस १८९२पासून माहीत होते. उलुगुरूचा उलुगुरुएन्सिस १९९६ मध्ये आला, उझुंग्वाचा मोयेरी २००२ मध्ये. ङुरूचा अॅक्युमिनॅटस, महेंगेचा बेरादुच्ची आणि पारेचा व्हिरिडिस हे तिन्ही २००६ मध्ये एकाच निबंधात आले. २०२२ मध्ये याच डोंगरांमधून एकदम सहा नव्या प्रजातींची वर्णनं प्रसिद्ध झाली. २०२२च्या आधीच्या किल्लीत तुमचा प्राणी बसला नाही, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय तो रिपेलिऑन या वेगळ्या वंशातला तर नाही ना, हेही एकदा तपासा. तोही बुटका, तपकिरी आणि तिथलाच. २००४पर्यंत त्यालाही रॅम्फोलिऑनच म्हणत.

दुसरी अडचण वयाची. बहुतेक किल्ल्या प्रौढ नरावर बेतलेल्या असतात. पिल्लाच्या नाकावरचं टोक आखूड असतं, डोक्यामागचा उंचवटा बसका असतो, आणि तो "वेगळा" वाटतो. मादागास्करच्या ब्रूकेशिया नानाच्या बाबतीत हीच शंका आधी फेडावी लागली. होलोटाइप, म्हणजे ज्या एका नमुन्यावर प्रजातीचं नाव टेकतं तो, नर, तोंडापासून गुदछिद्रापर्यंत १३.५ मिमी, एवढासा प्राणी प्रौढ कसा म्हणायचा? नराचं जननांग पूर्ण विकसित होतं आणि मायक्रो-सीटीत (अतिबारीक एक्स-रे स्कॅनमध्ये) मादीच्या पोटात अंडी दिसली, तेव्हा प्रश्न मिटला. फोटोंवरून "पूर्ण वाढलेला वाटतो" एवढ्यावर थांबू नका.

आता शोधण्याबद्दल. दिवसा हे प्राणी पाचोळ्यात फिरतात आणि दिसतच नाहीत. रात्री झोपायला झुडपाच्या काडीवर, पानाच्या टोकावर चढतात. अंधार पडल्यावर तासाभराने निघा. टॉर्च डोळ्यांच्या रेषेत, म्हणजे कपाळावर हवी. हातातल्या टॉर्चने सावल्या वेगळ्या पडतात आणि प्राणी सुटतो. झोपलेला शॅमेलिऑन उजेडात आजूबाजूच्या पानांपेक्षा फिकट दिसतो. नजर गुडघ्याच्या आसपास ठेवा. रॅम्फोलिऑन बहुतेक जमिनीपासून अगदी थोड्या उंचीपासून छातीच्या उंचीपर्यंतच असतात. किन्योंगिया वंशातले मात्र बरेच वर, कधी शेंड्याकडे असतात, त्यांच्यासाठी वेगळी फेरी मारा. दोन्ही एकाच फेरीत शोधायला गेलं की खालचे निसटतात.

वाट दिवसा आखून फीत बांधून ठेवा, रात्री तिच्यावरूनच चाला. रात्री नवी वाट पाडणं म्हणजे ज्या झुडपांवर प्राणी झोपलेत तीच तुडवणं. एका फेरीत दोघं-तिघंच असावेत, आणि ताशी दोन-अडीचशे मीटरपेक्षा जास्त वेग नको.

प्रत्येक प्राण्यामागे लिहायचं ते असं: अक्षांश-रेखांश (जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या नकाशा-पद्धतीवर आहे ना ते बघून), समुद्रसपाटीपासूनची उंची, झोपण्याच्या जागेची जमिनीपासून उंची सेंमीत, झाड किंवा झुडूप, वेळ, नर-मादी-पिल्लू. त्याबरोबर किती माणसं, किती तास, किती मीटर चाललो आणि एकही प्राणी न दिसलेल्या फेऱ्याही. या शून्याच्या नोंदी लोक टाकून देतात आणि पुढे इथल्या वनरेषासारख्यांना धोक्याचं मूल्यमापन करताना हातात काही उरत नाही.

फोटो आधी झोपलेल्या अवस्थेत, हात न लावता. मग फांदी कापून कापडी पिशवीत, आत ओलसर पानं. प्लास्टिकची पिशवी नको, आत वाफ धरते. सकाळी जागेपणीचे फोटो: दोन्ही कुशी, डोक्याची बाजू, समोरून, वरून, पोट, पंजे, शेजारी मोजपट्टी. रंगाबरोबर अवस्था लिहाच: झोपेतला, जागा आणि शांत, की चिडलेला. अवस्था न लिहिलेला रंग वर्णनात वापरता येत नाही. ज्यांना ठेवायचं नाही त्यांना पुढच्या रात्री त्याच फीत बांधलेल्या झुडपावर सोडायचं, "जवळपास कुठेतरी" नाही.

---

संग्रहपाल

नमुन्यांबद्दल मी लिहितो. ज्या देशातून नमुने घेणार तिथलं संग्रहालय किंवा विद्यापीठ पहिल्या दिवसापासून सोबत हवं. मादागास्करमध्ये नमुन्यांचा वाटा अंतानानारिवो विद्यापीठाच्या संग्रहात राहतो. टांझानियात संशोधन परवाना, वन्यजीवांसाठीची परवानगी आणि राखीव जंगलात शिरण्याची परवानगी ही तीन वेगवेगळी कामं आहेत; एक हातात आलं की बाकीची गृहीत धरू नका. आपल्याकडेही जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे नव्या प्रजातीचा नमुना नेमून दिलेल्या संग्रहात जमा करावाच लागतो, त्यामुळे ही अपेक्षा नवी वाटू नये.

किती घ्यावेत? माझं मत स्पष्ट आहे: एक प्रौढ नर, एक प्रौढ मादी, आणि पाहणीत प्राणी बऱ्यापैकी संख्येने दिसले तरच आणखी दोन-तीन पॅराटाइप (होलोटाइपच्या जोडीचे नमुने). बाकी सगळ्यांचे फोटो, मापं आणि डीएनएसाठी शेपटीचं टोक घेऊन सोडून द्या. पॅराटाइप शोभेसाठी नसतात. नाकावरच्या टोकाची लांबी, पाठीच्या कण्यावरचे उंचवटे, नख्या एकटोकी की दोनटोकी, तळपायाचे काटे, काखेतला आणि जांघेतला खळगा, भुवईवरचे काटे या लक्षणांत एकाच डोंगरावर किती फरक पडतो ते त्यांच्याशिवाय सांगता येत नाही. पण हाच फरक जिवंत प्राण्यावर भिंग आणि कॅलिपरनेही बराचसा मोजता येतो.

मेलेला सापडला तर तोही घ्या. मागोम्बेरा जंगलातला किन्योंगिया मागोम्बेराए २००९ मध्ये वर्णन झाला. तिथला एक प्राणी झाडसापाच्या तोंडून सुटल्याने हाती लागला होता.

आता क्रम, कारण गोष्टी बिघडतात त्या क्रम चुकल्याने. वेदनारहित मृत्यू बफर केलेल्या एमएस-२२२ या भुलीच्या औषधाने, नीतिसमितीने मंजूर केलेल्या पद्धतीनेच. त्यानंतर फॉर्मलिनच्या आधी यकृत किंवा मांडीच्या स्नायूचा २-३ मिमीचा तुकडा ९५ टक्क्यांच्या वरच्या इथेनॉलमध्ये. तुकड्याच्या किमान दहापट इथेनॉल हवं आणि एका दिवसाने ते बदलायचं, कारण ऊतीतलं पाणी त्याला पातळ करतं. फॉर्मलिन लागलं की डीएनए तुटतो आणि प्रथिनांशी जखडतो. मग वर्षानुवर्षं लोक त्याच नमुन्याशी झगडत बसतात.

नराचं हेमिपेनिस (जननांग) बाहेर काढायचं तेही फॉर्मलिनच्या आधीच. शेपटीच्या मुळाशी मागून पुढे अंगठ्याने हलका दाब आणि बारीक सुईने आत द्रव. पूर्ण फुगलं की बुडाशी दोऱ्याची गाठ. रॅम्फोलिऑनमध्ये टोकाशी शिंगांची जोडी असते, तिच्यावरच्या काट्यांची संख्या आणि मांडणी हे प्रजाती वेगळं करणारं फार महत्त्वाचं लक्षण आहे. अर्धवट फुगवलेलं हेमिपेनिस गोठलं की ते काटे घडीत अडकतात, आणि मग चित्रात नसलेला फरक दिसतो.

फॉर्मलिन १० टक्के, म्हणजे बाजारातल्या संपृक्त द्रावणाचा एक भाग आणि पाण्याचे नऊ. लिटरमागे ४ ग्रॅम मोनोबेसिक आणि ६.५ ग्रॅम डायबेसिक सोडियम फॉस्फेट टाका, नाहीतर ते आम्ल होतं आणि हाडांतलं कॅल्शियम खातं. अशा नमुन्याचं सीटी स्कॅन पुसट येतं. पोटात थोडंसं टोचायचं, शरीर घट्ट व्हावं पण फुगू नये. पंजे पसरून, तोंड किंचित उघडं ठेवून मांडा. एवढ्या लहान प्राण्याला एक-दोन दिवस पुरतात. नंतर पाण्यात धुऊन टप्प्याटप्प्याने ७० टक्के इथेनॉलमध्ये न्या. एकदम टाकलं तर अंग आकसतं आणि मापं चुकतात.

लेबल पेन्सिलीने किंवा इथेनॉल न सोडणाऱ्या शाईने, दोऱ्याने गुडघ्याच्या वर बांधलेलं. तोच क्रमांक ऊतीच्या नळीवर, वहीत आणि फोटोच्या पहिल्या चौकटीत. साध्या बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते आणि बाटलीत अनामिक शॅमेलिऑन उरतो.

---

सप्तरंगी

मारायचंच कशाला? चांगले फोटो, शेपटीचं टोक, तोंडातला स्वॅब एवढ्यावर वर्णन का करू नये? प्राण्यांच्या नावांच्या नियमावलीत फोटोवरून होलोटाइप चालतो ना? जंगल आधीच संपत आलंय.

---

संग्रहपाल

सप्तरंगी, नियमावलीच्या कलम ७३.१.४ प्रमाणे फोटोत दिसणारा प्राणी होलोटाइप मानता येतो. होलोटाइप तो प्राणी असतो, फोटो नव्हे. २०१७ च्या घोषणा ४५ ने त्यावर शिफारशी जोडल्या: नमुना का ठेवला नाही याची कारणं सविस्तर द्या, इतर तज्ज्ञांशी बोला, शक्य तेवढी मापं, चित्रं आणि डीएनए पुरावा द्या.

पण बुटक्या शॅमेलिऑनमध्ये ही वाट कच्ची आहे. जे फरक ठरवतात, म्हणजे हेमिपेनिसचे काटे, कवटीच्या हाडांची ठेवण, काखेतला खळगा, ते फोटोत दिसत नाहीत. वीस वर्षांनी शेजारच्या डोंगरावरून आणखी एक प्राणी आला तर तो हाच का, हे विचारायला हातात काहीच नसतं. संग्रहातल्या दोन नमुन्यांचा त्या जंगलावर पडणारा भार, एका कोळशाच्या भट्टीसाठी साफ केलेल्या तुकड्याच्या तुलनेत नगण्य आहे. पाहणीत दोनच प्राणी दिसले तर मात्र मी एकही घेणार नाही. तिथे तुमचं म्हणणं बरोबर.

मायक्रो-सीटीने तोच नमुना न कापता जगभर वापरता येतो. हाडांसाठी रंग लागत नाही. मऊ अवयव बघायचे तर आयोडीन द्यावं लागतं. होलोटाइपला आयोडीन देण्याआधी संग्रहाची लेखी परवानगी घ्या.

---

जनुकमाळी

डीएनए वेगळा निघाला म्हणजे झालं का, याचं उत्तर नाही. आणि ईस्टर्न आर्कमध्ये तर नाहीच.

हे डोंगर फार जुन्या काळापासून एकमेकांपासून सुटे आहेत, मधली कोरडी पठारं या प्राण्यांना ओलांडता येत नाहीत. त्यामुळे प्रत्येक डोंगरावरच्या गटाचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए (पेशीच्या केंद्रकाबाहेरचा) थोडाफार वेगळा निघणारच. शेजारच्या मोझांबिकमध्ये नामुली, इनागो, चिपेरोने आणि माबू या चार डोंगरांवरून २०१४ मध्ये रॅम्फोलिऑनच्या चार प्रजाती मांडल्या गेल्या. तिथे जनुकीय फरकाबरोबर शरीराची लक्षणंही होती. ती नसताना नुसत्या डीएनएच्या वंशवृक्षाच्या फांदीवर नाव टांगू नये.

शॅमेलिऑनमध्ये तुलनेसाठी सर्वाधिक डेटा १६एस, एनडी२ आणि एनडी४ या मायटोकॉन्ड्रियल तुकड्यांचा आहे. केंद्रकातला आरएजी१ जोडीला घ्या. १६एस एकटा पुरत नाही, तो सावकाश बदलतो. एनडी२ किंवा एनडी४ चं प्रथिनात भाषांतर करून बघा; मध्येच थांबा-संकेत आला तर ती केंद्रकात शिरलेली जुनी प्रत किंवा वाचनाची चूक असू शकते. प्रत्येक पीसीआरबरोबर (डीएनएच्या प्रती काढताना) नमुन्याविना एक नळी चालवा. एकाच टेबलावर शेजारच्या प्रजातींचे नमुने असतील तर बाधा होते, आणि दोन "प्रजाती" हुबेहूब सारख्या निघाल्या की लोक दिवसभर सॉफ्टवेअरला दोष देतात.

तुलना कोणाशी, हा मुद्दा सगळ्यात दुर्लक्षित. ज्या प्रजातीपासून वेगळं म्हणताय तिचा नमुना तिच्या मूळ ठिकाणचाच हवा. जीनबँकेत (डीएनए क्रमांच्या सार्वजनिक साठ्यात) "उलुगुरुएन्सिस" म्हणून असलेला क्रम खरोखर उलुगुरूचाच आहे का, त्याला व्हाउचर क्रमांक, म्हणजे संग्रहातल्या मूळ नमुन्याचा क्रमांक, आहे का, बघा. जुन्या नावांखाली भलत्याच डोंगरांचे प्राणी बसलेले असतात. सह्याद्रीतल्या निमास्पिस पालींवर काम केलेल्यांना हा त्रास ठाऊक आहे. शॅमेलिऑनमध्ये किन्योंगिया फिशेरीचं उदाहरण घ्या: २००८ मध्ये तो समूह सोडवला गेला, तोवर वेगवेगळ्या डोंगरांवरचे प्राणी त्याच एका नावाने ओळखले आणि विकलेही जात होते.

प्रजातींच्या सीमा ठरवणारी सॉफ्टवेअरं वापरा, पण त्यांचं उत्तर अंतिम मानू नका. विरळ नमुन्यांवर ती लोकसंख्येतल्या फुटीलाही प्रजाती म्हणतात. एका डोंगरावरून एकच प्राणी घेऊन वंशवृक्ष काढला तर हमखास. डोंगराच्या दोन्ही टोकांचे किमान पाच-सहा शेपटीचे नमुने असले तर आतला फरक आणि बाहेरचा फरक शेजारी ठेवता येतो. अमुक टक्के म्हणजे प्रजाती असा आकडा कोणी दिला तर मानू नका.

हेच नमुने दुसऱ्या कामालाही येतात. मालावीतल्या रॅम्फोलिऑन चॅपमनोरमचं वर्णन १९९२ मध्ये झालं, तेव्हाच मालावी हिल्समधलं बरंच जंगल तुटलं होतं. १९९८ मध्ये ३७ प्राणी उत्तरेकडच्या मिकुंडीच्या जंगलात सोडले गेले. पुढे प्रजाती संपली की काय अशी भीती असताना २०१६ च्या पाहणीत ती उरलेल्या तुकड्यांमध्ये सापडली, मिकुंडीतही टिकलेली होती. १९८०च्या दशकापासून मालावी हिल्सचं सुमारे ८० टक्के जंगल गेल्याचं उपग्रहचित्रांवरून मांडलं गेलं. एनडी४ च्या विश्लेषणात तुकड्यातुकड्यांमधली देवाणघेवाण तुटल्याचं दिसलं. म्हणजे वर्णनासाठी घेतलेली शेपटीची टोकं जंगल जोडायचं की नाही हेही सांगतात. त्यासाठी प्रत्येक तुकड्यातून नमुने हवेत, वाटेलगतच्या सोयीच्या तुकड्यातूनच नाही.

---

अरण्यानी

सगळ्यांचे मनापासून आभार, हे फार उपयोगी आहे. दोन गोष्टी राहिल्या. नाव देताना कुठे चुकतं? आणि शेपटीची टोकं परदेशी प्रयोगशाळेत पाठवायची तर एवढ्याशा ऊतीलाही साइट्स (वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) परवाना लागतो का?

---

जनुकमाळी

लागतो. रॅम्फोलिऑन आणि रिपेलिऑन हे दोन्ही वंश २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत परिशिष्ट दोनमध्ये आले. ऊतीचा कणसुद्धा "नमुना" धरला जातो. दोन्हीकडची संग्रहालयं साइट्सकडे नोंदलेली असतील तर वैज्ञानिक देवाणघेवाणीची सोपी वाट आहे, पण ती संग्रहात रीतसर नोंदलेल्या नमुन्यांनाच लागू होते, कालच जंगलातून आणलेल्या नळीला नाही. म्हणून आधी स्थानिक संग्रहात नोंद, मग पाठवणी. नागोया कराराची (जैविक साधनांच्या लाभवाटपाची) कागदपत्रं वेगळी. शक्य असेल तर डीएनए तिथल्याच प्रयोगशाळेत काढा. ज्यांच्या डोंगरावरचा प्राणी त्यांच्या हाताला ते काम येणं महत्त्वाचं आहे.

---

संग्रहपाल

नावाबद्दल. निबंधात ही नवी प्रजाती आहे असं स्पष्ट लिहिणं, एकच होलोटाइप नेमणं, तो कोणत्या संग्रहात आहे ते सांगणं आणि इतरांपासून वेगळं करणारी लक्षणं शब्दांत देणं, यातलं एक राहिलं तरी नाव बाद. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात तर प्रसिद्धीच्या आधी झूबँकवर (प्राणिनामांच्या अधिकृत नोंदवहीत) नोंद आणि तो क्रमांक निबंधात छापलेला हवा. ही सवलत २०१२ पासूनची आहे आणि क्रमांक विसरल्याने अनेक नावं अडली आहेत. लक्षणांऐवजी "डीएनए वेगळा आहे" एवढंच लिहिणारे निबंधही दिसतात. तसं करू नका. कोणत्या जागी कोणता न्यूक्लिओटाइड ते द्या, आणि त्याच्या जोडीला शरीराची लक्षणं.

वंशाच्या नावाचं लिंग बघा: ब्रूकेशिया आणि किन्योंगिया स्त्रीलिंगी, कॅलुमा नपुंसकलिंगी, फुर्सिफर आणि रॅम्फोलिऑन पुल्लिंगी. विशेषण असेल तर ते वंशाप्रमाणे बदलतं. चॅपमनोरममधलं "ओरम" अनेकवचनी आहे, ते नाव चॅपमन दांपत्यावरून आलं. एखाद्याच्या नावावरून ठेवणार असाल तर त्या व्यक्तीची संमती घ्या. मादागास्करमध्ये २०१२ मध्ये मांडलेल्या ब्रूकेशिया ट्रिस्टिस आणि ब्रूकेशिया डेस्पेराटा या नावांत त्या जंगलांची अवस्थाच सांगितली आहे, तीही एक चांगली वाट. टांझानियातल्या लोकांनी डोंगराला दिलेलं नाव वापरलं तर मला सर्वांत आवडेल.

आणि नाव आधी कुठेही लिहू नका. परिषदेचा गोषवारा, समाजमाध्यमं, प्रीप्रिंट, प्रबंध, कुठेही नाही. निबंध निघेपर्यंत वहीत "प्रजाती अ" पुरे.

---

वनरेषा

ठिकाणाचा प्रश्न राहिला, आणि धोक्याचं मूल्यमापनही.

लपवता येतं. निबंधात डोंगराचं नाव आणि उंचीचा टप्पा द्या, अचूक अक्षांश-रेखांश संग्रहाच्या नोंदवहीत आणि तिथल्या वनविभागाकडे ठेवा, आणि तसं केल्याचं निबंधात लिहा. दोन दशांश स्थळांपर्यंत आकडे दिले म्हणजे लपवलं असं समजू नका. ते सुमारे १.१ किमी होतं, आणि तुमचं जंगलच तेवढं आहे. फोटोंच्या फाइलमधला जीपीएस पुसायलाही लोक विसरतात. पण पूर्ण गुप्तता मी धरणार नाही. ज्या डोंगराचं नावच कोणाला माहीत नाही, त्याला राखीव दर्जा मागायचा कशाच्या आधारावर?

आययूसीएनच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीसाठी बहुतेक शॅमेलिऑन निकष ब वर, म्हणजे लहान क्षेत्राच्या निकषावर, जातात. २ × २ किमीच्या चौकटी नकाशावर टाकून मोजायचं, म्हणजे एक छोटं जंगल ४ चौ. किमी. चौकटींचं क्षेत्र १० पेक्षा कमी असेल तर "अतिसंकटग्रस्त"ची मर्यादा गाठली जाते, पण तेवढ्याने श्रेणी मिळत नाही. त्याबरोबर तीनपैकी दोन अटी हव्यात: एकच स्थान किंवा तीव्र तुकडीकरण, चालू घट, किंवा टोकाचे चढउतार. "स्थान" धोक्यावरून ठरतं, नकाशावरच्या ठिपक्यांवरून नाही. पाच ठिपक्यांना एकच कोळसा-भट्ट्यांचा धोका असेल तर ते एक स्थान. दोन तुकड्यांना वेगवेगळे धोके असतील तर दोन स्थानं होतात आणि श्रेणी खाली येऊ शकते. "तीव्र तुकडीकरण" म्हणायचं तर निम्म्याहून अधिक प्राणी स्वतःच्या बळावर न टिकणाऱ्या तुकड्यांत आहेत हे दाखवावं लागतं. तिथेच रातपाळींच्या शून्याच्या फेऱ्या आणि जनुकमाळींची शेपटीची टोकं लागतात.

चालू घट दाखवायला लँडसॅट उपग्रहांवर आधारलेले वृक्षछत्राचे नकाशे २०००पासून दर वर्षाचे मिळतात, ३० मीटरच्या चौकटीत. जुन्या काळासाठी १९८०च्या दशकातली लँडसॅट चित्रं स्वतः बघून जंगलाची कड आखा. फसगत दोन ठिकाणी होते. निलगिरी आणि पाइनची लागवड नकाशात जंगल म्हणून मोजली जाते. आणि उलट बाजूची चूक त्याहून वाईट: पूर्व उसांबारात छत्र शाबूत ठेवून खाली वेलदोडा लावतात. वरून जंगल हिरवंगार, पण ज्या झुडपांवर बुटका शॅमेलिऑन झोपतो ती साफ झालेली असतात. म्हणून पाहणीच्या वाटांवर दर ५० मीटरला खालच्या थराची नोंद करा: झुडपं किती दाट, पाचोळा किती जाड, ताजे बुंधे किती, भट्टीच्या खुणा, वेलदोडा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि नंतर विकत घेता येत नाही.

वेळेबद्दल एवढंच. नमुना गोळा होण्यापासून वर्णन छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात असं २०१२ मधल्या एका अभ्यासात निघालं होतं. ब्रूकेशिया नाना २०१२ मध्ये हाती आला आणि २०२१ मध्ये नाव मिळालं. नाव नसलेल्या प्राण्यासाठी कोणी भट्टी थांबवत नाही. त्यामुळे वर्णनाचा निबंध आणि यादीसाठीचं मूल्यमापन एकदमच लिहायला घ्या, मसुदा आययूसीएनच्या शॅमेलिऑन तज्ज्ञगटाकडे निबंध छापायला गेल्यावर लगेच पाठवा. जंगलाच्या कडेचे नकाशे पाहणीला निघण्याआधीच करून ठेवा, म्हणजे कोणत्या तुकड्यांत जायचं राहून गेलं हे परतल्यावर कळणार नाही.

---

अरण्यानी

नकाशे या आठवड्यात सुरू करते, आणि जीनबँकेतल्या क्रमांचे व्हाउचर तपासून यादी इथेच टाकते. वनरेषा, खालच्या थराच्या नोंदीचा तक्ता तुमच्याकडे तयार असेल तर द्याल का?

---

वनरेषा

देतो. रकाने असे ठेवा: वाटेचा क्रमांक, मीटर, छत्राचा अंदाजे टक्का, गुडघ्यापर्यंतच्या आणि छातीपर्यंतच्या झुडपांची दाटी (०, १, २, ३), पाचोळा सेंमीत तीन जागी मोजून, ५ मीटरच्या वर्तुळातले ताजे आणि जुने बुंधे वेगळे, भट्टीचा खड्डा आहे-नाही, पीक कोणतं. दाटीचे आकडे सगळ्यांनी एकसारखे द्यावेत म्हणून पहिल्या वाटेवर प्रत्येक आकड्याचा नमुना-फोटो काढून तोच छापून सगळ्यांकडे द्या. शेवटचा रकाना रात्रीच्या प्राण्यांच्या क्रमांकासाठी मोकळा सोडा.